खिशांतील द्यूतसभा

जुगाराच्या घराचें दार कसें असावें याचा विचार आपल्या पूर्वजांनीं केला नसेल असें ज्यांस वाटतें, त्यांनीं कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें तिसरें अधिकरण एकदां अवश्य चाळावें. त्याच्या अखेरच्या अध्यायांत द्यूताध्यक्ष नांवाचा एक सरकारी अधिकारी आपणांस भेटतो. जुगार एकाच ठिकाणीं, त्याच्या डोळ्यांदेखत चालावा. अन्यत्र खेळणारास १२ पण दंड व्हावा. कवड्या व फांसे त्यानेंच पुरवावे आणि ते चोरून बदलणारासहि तितकाच दंड असावा. जिंकणाराकडून शेंकडा ५ घ्यावे, शिवाय फांशांचें भाडें, जागेचें भाडें आणि पाण्याचे पैसे वेगळे. कौटिल्य हा कांहीं जुगाराचा भक्त नव्हे. खेळ एकाच जागीं ठेवण्याचें कारण त्यानें स्पष्ट दिलें आहे: लपूनछपून उपजीविका करणारे लोक कोण, हें त्यायोगें कळावें. म्हणजे दार एक, दाराशीं माणूस, आणि येणाराजाणाराचा चेहरा त्या माणसास ठाऊक. आजच्या जुगाराचें दार प्रत्येकाच्या सदऱ्याच्या खिशांत आहे, आणि त्याच्याशीं कोणीहि उभें नाहीं.

आमचें इटियाडोह म्हणजे गाढवी नदीवरील धरणाचें ठिकाण. अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, जंगलाला लागून. येथून गोंदियास जाऊन यावयाचें म्हटलें तर दिवस मोडतो. परंतु ऑनलाइन कॅसिनो, म्हणजे विलायती जुगारखान्याची आंतरजालावरील आवृत्ति, तिच्यांत शिरावयाचें असेल तर येथील तरुणास धरणाच्या पाळीवर, जेथें रेंज बरी मिळते तेथें, जाऊन बसणें पुरतें.

मी स्वतः तें दार उघडलेलें नाहीं. परंतु माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें, ज्याच्या घरची हकीगत पुढें येणारच आहे, आपल्या पुतण्याच्या मोबाईलवर तें मला पायरीपायरीनें दाखविलें, आणि मीं तें वहींत उतरून घेतलें. मास्तराची संवय, दुसरें काय! पहिल्या पायरीस मोबाईलचा क्रमांक. दुसरीस त्या क्रमांकावर आलेला सहा आंकड्यांचा ओटीपी. तिसरीस एक लहानसा चौकोन. त्यांत खूण केली कीं आपण अठरा वर्षांचे आहोंत असें सिद्ध होतें! चौथीस आपणांस हवा तो पासवर्ड. झालें. चुलीवरच्या भाताला एक कढ यावा इतक्यांत खातें उघडतें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां आंत जावयास तेवढाच पासवर्ड पुरतो. कित्येकदां तोहि लागत नाहीं, कारण मोबाईलनें तो ध्यानांत ठेवलेला असतो. शाळेंत असतां शिष्यवृत्तीसाठीं मुलांचीं खातीं उघडून देतांना फोटो, दाखले व पालकांच्या सह्या यांपायीं आम्हां शिक्षकांच्या चपला झिजत, त्याची आठवण झाली.

पांचवी पायरी पैशांची. यूपीआयवरून शंभर-दोनशे रुपये धाडावयाचे. ते कॅसिनोच्या नांवानें मात्र जात नाहींत. पुतण्याच्या नोंदी मीं वाचल्या. कोठें एखाद्या किराणा दुकानाचें नांव, कोठें भलत्याच प्रांतांतील भलत्याच इसमाचें, आणि दर आठवड्यास तें बदललेलें. प्रामाणिक दुकानदाराची पाटी रोज बदलत नसते.

आतां यांतील खरी मौज पाहा. आंत जाणाराचें नांव खरें कीं खोटें हें कोणी विचारीत नाहीं. परंतु दोन पैसे जिंकून बाहेर पडूं पाहणारास आधारपत्र, पॅन, बँकेच्या पासबुकाचें पहिलें पान आणि तोंडासमोर धरलेल्या आधारपत्रासह फोटो, इतकें सर्व द्यावें लागतें. त्यांतील एखादें अक्षर अस्पष्ट आलें कीं अर्ज परत. मध्यंतरीं पैसे खात्यांत दिसत असतात, हातांत येत नाहींत, आणि दिसणारे पैसे पुन्हां डावावर लावावयास एक बोट पुरतें. तक्रार करावयाची तर कोठें? पानाच्या तळाशीं बारीक अक्षरांत परवान्याचें स्थळ लिहिलेलें असतें; पुष्कळ वेळां तें कुरासाव, म्हणजे वेस्ट इंडीजकडील एक डच बेट. अर्जुनी मोरगांवच्या पोलीस ठाण्याचा हात तेथवर पोंचत नाहीं.

आमच्या जिल्ह्यांत 'बोनस' हा शब्द लहान मुलासहि ठाऊक आहे. बोनस म्हणजे धानाचा. हमीभावावर राज्य सरकार धान पिकविणारांस जी जादा रक्कम देतें ती. २०२३-२४ च्या हंगामासाठीं ती हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत जाहीर झाली होती. शेतकरी तिची वाट पाहून थकतो, पण एकदां ती खात्यावर पडली कीं ती त्याची. कॅसिनोवाल्यांनीं हाच शब्द उचलला आहे, आणि मला वाटतें आमच्याकडील भोळ्या माणसास तो या कारणानेंच आपला वाटतो. एक हजार रुपये भरा, आम्ही एक हजार बोनस देऊं, अशी जाहिरात असते. हा बोनस कसा असतो तें त्रैराशिकानें सांगतों.

रूलेट नांवाच्या चाकास ३७ खाने असतात, शून्यापासून ३६ पर्यंत. एका आंकड्यावर रुपया लावला आणि तोच आला तर ३५ रुपये नफा व आपला रुपया परत, असे ३६ हातीं येतात. एकेक रुपया ३७ वेळां लावला तर सरासरीनें एक वेळ आपली. म्हणजे ३७ गेले, ३६ आले. राहिलेला रुपया घरधन्याचा. शेंकडा २.७० इतकाच हा वांटा, कौटिल्याच्या पांचांहून कमीच, असें कोणी म्हणेल. परंतु कौटिल्याचा अध्यक्ष जिंकलेल्या रकमेंतून घेई. हें चाक लावलेल्या प्रत्येक रुपयावर, प्रत्येक फेरीस घेतें, आणि मोबाईलवरील फेरी कांहीं क्षणांत आटपते. आतां बोनसच्या अटींत असें समजा कीं, ठेव व बोनस मिळून जे २,००० झाले त्यांच्या तीसपट, म्हणजे ६०,००० रुपयांचे डाव खेळल्याखेरीज कांहींच काढतां येणार नाहीं. साठ हजारांस ३७ नीं भागा. सुमारें १,६२१ रुपये घरधन्याकडे गेले. दोन हजारांतून उरले ३७९. आपण घरचे एक हजार आणले होते. त्यांतले ६२१ 'फुकटच्या' बोनसापायीं गेले! हीं सारीं सरासरीचीं गणितें झालीं; एकाच आंकड्यावर जोर धरणाऱ्या कित्येकांची शिल्लक साठ हजारांचा पल्ला गाठण्याच्या कितीतरी आधींच शून्य होते. शिवाय हें चाक लांकडाचें नव्हे. तें चित्र आहे. आंकडा निवडणारें यंत्र घरधन्याच्या ताब्यांत आहे, आणि परवान्याचीच जेथें शंका तेथें ३७ खाने खरोखर ३७ च धरले जातात कीं नाहीं हें पाहावयास कोणता अध्यक्ष बसला आहे?

याहूनहि अधिक प्रचार आमच्याकडे 'आयडी'चा. येथें नोंदणीचा देखावासुद्धां नाहीं. ओळखीचा एखादा इसम व्हॉट्सॲपवर एक नांव व एक पासवर्ड पाठवितो, कीं आयडी मिळाली. रोख द्यावी तितके 'पॉइंट' तींत जमा होतात. घराण्याची पत असेल तर उधारहि मिळतात. क्रिकेटचा सट्टा, तीन पत्ती, रूलेट, सर्व त्या एकाच किल्लीनें उघडतें.

गोंदियाचें नांव या व्यवहारांत २०२३ सालीं साऱ्या देशाच्या वृत्तपत्रांत झळकलें. नागपुरांतील एका व्यापाऱ्यानें फिर्याद दिली कीं, गोंदियाच्या एका इसमानें आपणांस ऑनलाइन जुगाराची वाट दाखविली, व्हॉट्सॲपवर लिंक धाडली, आणि खातें उघडून पाहिलें तों आंत ८ लाख रुपये आधींच जमा! पुढें त्यांस ५ कोटींच्या आसपास मिळाले आणि सुमारें ५८ कोटी गेले. जुलै २०२३ मध्यें नागपूर पोलिसांनीं गोंदियांतील घरावर छापा घातला तेव्हां दहा कोटींहून अधिक रोकड व कित्येक किलो सोनें सांपडलें. इसम मात्र आधींच दुबईस निघून गेला होता. आरोपांचा निवाडा करणें हें न्यायालयाचें काम, म्हणून त्याविषयीं अधिक लिहीत नाहीं. परंतु एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. फिर्यादी हा शेतमजूर नव्हता, शाळकरी पोर नव्हता. पैशाची देवघेव हाच ज्याचा धंदा असा माणूस होता. आणि ते आठ लाख म्हणजे तरी काय? आमच्या हजार रुपयांच्या बोनसाचाच थोरला भाऊ. मासा मोठा म्हणून गळाला आमिष मोठें. त्याच वर्षीं भिलाईच्या कांहीं इसमांनीं दुबईंतून चालविल्याचा आरोप असलेलें 'महादेव' ॲपचें प्रकरणहि अंमलबजावणी संचालनालयाच्या तपासानें गाजलें. भिलाई म्हणजे गोंदियाहून रेल्वेनें दोन-तीन तासांची वाट. हा धंदा समुद्रापलीकडचा म्हणावा तर त्याचीं बिऱ्हाडें आपल्याच आळींत निघतात.

महाराष्ट्रांत कॅसिनोस परवानगी देणारा एक कायदा १९७६ सालीं झाला होता. तो ४७ वर्षें अंमलांत न येतां कागदावरच राहिला व २०२३ मध्यें विधिमंडळानें रद्द केला. गोव्यांत मांडवीच्या पात्रांत कॅसिनोचीं जहाजें उभीं आहेत. तेथें जाणारास निदान पणजीपर्यंतचें भाडें खर्चावें लागतें आणि घरीं कांहींतरी कारण सांगावें लागतें. या दुसऱ्या अडचणीचें मोल मोठें होतें, असें मला आतां वाटूं लागलें आहे.

आमच्या झाडीपट्टींत पूर्वीं जुगार नव्हता असें मी म्हणणार नाहीं. दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते, रात्रीं नाटक होतें, आणि मंडपाच्या पाठीमागें झेंडीमुंडीचा पट मांडलेला असे. जंगलाच्या आडोशास कोंबडबाजार भरे. कोंबड्यांच्या पायांस काती बांधून त्यांच्या रक्तावर पैजा लागत. मनूनें नवव्या अध्यायांत निर्जीव वस्तूंनीं खेळावयाचें तें द्यूत व सजीव प्राण्यांनीं खेळावयाचा तो समाह्वय असा भेद केला आहे. हीं दोन उदाहरणें मी वर्गांत देत असें, आणि मुलें एकमेकांकडे पाहून हंसत, कारण कोणाचा काका कोठें जातो हें सर्वांस ठाऊक असे. दोन्ही प्रकार बेकायदा, दोन्ही ओंगळ. परंतु त्यांस काळवेळ होती. मंडई उठली कीं पट उठला. शास्त्रानेंहि बलिप्रतिपदेस द्यूताची मोकळीक दिली ती एका दिवसाची. त्या दिवशीं नातवंडांत बसून कवड्या खेळणाऱ्या आजीवर कोणीं रागावूं नये.

मटक्याचेंहि तसेंच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे व बंद होतानाचे भाव तारेनें मुंबईस येत, त्यांवर लोक आंकडा लावीत. ते भाव येण्याचें थांबल्यावर १९६२ च्या सुमारास कल्याणजी भगत यांनीं वरळींत मटका चालू केला, आणि होतां होतां त्याची पट्टी विदर्भांतल्या खेड्यापर्यंत आली. पट्टी लिहिणारा पानठेल्याच्या आडोशास बसे. त्याच्यापुढें उभें राहणारास शेजारी, मामा, मास्तर, कोणी ना कोणी पाही, आणि दिवे लागण्यापूर्वीं बातमी घरीं पोंचे. आंकडा दिवसांतून दोन वेळां निघे. मधल्या वेळांत माणूस निदान कामास जाई. खिशांतल्या सभेस अनध्याय नाहीं. ती पंगतींत चालते, देवघराच्या उंबऱ्यावर चालते, आणि शेजारीं निजलेल्या सख्ख्या भावासहि कळत नाहीं.

ती बंद करून ठेवली तरी ती आपल्याला हांक मारते. शूद्रकाच्या मृच्छकटिकांतील दुसरा अंक ज्यांनीं वाचला असेल त्यांस संवाहक आठवेल. दहा सुवर्ण हरून तो सभिकापासून पळतो, मागें मागें पावलें टाकीत एका ओसाड देवळांत शिरतो आणि मूर्ति होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे त्यास ओळखतात, पण ओरडत नाहींत. तेथेंच बसून फांसे खेळूं लागतात. फांशांचा आवाज कानीं पडतांच दगडाच्या देवाची चुळबुळ सुरू होते, आणि अखेर तो आपण होऊन पुढें येतो. रात्रीं साडेअकरा वाजतां 'आपल्या खात्यांत ५० रुपये जमा' असा संदेश टिंग् करून वाजतो, तो फांशांचाच आवाज होय. शूद्रकानें हें दीड हजार वर्षांहून अधिक काळापूर्वीं लिहून ठेवलें. आजच्या वैद्यकानेंहि जुगाराच्या या ओढीस व्याधींत गणलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणांत तिची स्वतंत्र नोंद आहे.

आतां ती हकीगत. इटियाडोहच्या कालव्याखालील एका गांवांत एक सुशिक्षित एकत्र कुटुंब आहे. नांवें सांगण्याचें कारण नाहीं. तीन भाऊ. थोरला माझा विद्यार्थी, स्वतःहि शिक्षक. मधला शेती पाहतो. धाकटा नागपुरास नोकरीस. घरांत वृद्ध माता, तिला पतीचें निवृत्तिवेतन मिळतें. मधल्याचा मुलगा पदवीधर, वय २३, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करीत घरीं बसलेला. आजीचें बँकेचें काम तोच पाही, कारण तिला त्या यंत्रांतील कांहीं कळत नाहीं. तिच्या मोबाईलवर आंकडा येई, आणि ती स्वयंपाकघरांतून मोठ्यानें वाचून दाखवी, "घे रे बाळा, चार, सात, शून्य, शून्य..." विजेचें बिल भरलें जात आहे अशी तिची समजूत. आठ महिन्यांत ८६,००० रुपये गेले. तें कळलें तें दुसऱ्याच वाटेनें. आयडी देणारा इसम एके सकाळीं ओसरीवर येऊन बसला, पाणी प्याला, आणि अदबीनें म्हणाला कीं, उधारीचे १,४०,००० राहिले आहेत. घराणें मोठें, म्हणून आजवर बोललों नाहीं.

त्या संध्याकाळीं थोरला माझ्याकडे आला. "गुरुजी, आई म्हणते, देऊन टाका आणि अब्रू राखा. धाकटा फोनवर म्हणतो, दमडी देऊं नका. मधला तर तोंडच उघडीत नाहीं. घर एकत्र आहे, द्यावयाचे तर सर्वांच्या वांट्यांतून जाणार. काय करूं सांगा."

मीं त्यास प्रथम शास्त्र सांगितलें. याज्ञवल्क्य व्यवहाराध्यायांत म्हणतो कीं, मद्य, काम व द्यूत यांपायीं पित्यानें केलेलें ऋण पुत्रानें देऊं नये. मनूच्या आठव्या अध्यायांतहि तेंच आहे. तो विद्यार्थी हुशार; लगेच म्हणाला, "गुरुजी, हें बापाच्या ऋणाविषयीं झालें. आमच्याकडे गंगा उलटी वाहिली आहे." प्रश्न बरोबर होता, आणि त्याचें उत्तर लगतच्या आधीच्याच श्लोकांत आहे: पुत्रानें केलेलें ऋण पित्यानें देऊं नये, तें कुटुंबासाठीं केलेलें नसेल तर. धान पेरावयास, बहिणीच्या लग्नास, आजाऱ्याच्या औषधास मुलानें काढलेलें कर्ज घराचें होतें. रूलेटच्या चाकावर गेलेले पैसे कोणत्या कुटुंबार्थीं गेले? आजच्या कायद्याचें म्हणणेंहि याहून निराळें नाहीं. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमानें पैजेचा करार निरर्थक ठरतो. त्यावर जिंकलेल्या रकमेसाठीं दावा चालत नाहीं. आणि पित्याच्या ऋणासाठीं पुत्रपौत्रांस धरण्याचें जें जुनें धार्मिक बंधन न्यायालयें मानीत, तें हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनें पुढील ऋणांपुरतें संपुष्टांत आलें आहे. सभेंत द्रौपदीनें हाच प्रश्न विचारला होता: जो आधीं स्वतःस हरला, त्यास मला पणास लावण्याचा अधिकार उरला होता काय? भीष्मासारख्यास त्याचें उत्तर देतां आलें नाहीं, याचें मला विद्यार्थिदशेपासून नवल वाटत आलें आहे. घरांतील एकानें डाव लावला म्हणून सारें घर डावावर लागत नाहीं, इतकें तरी म्हणावयाचें होतें.

थोरल्यानें तसें त्या इसमास सांगितलें. तो रागावला नाहीं. चार दिवसांनीं पुन्हां आला, आणि या वेळीं त्यानें एक सवलत देऊं केली: मुलानें आपलें बँकेचें खातें, पासबुक, एटीएम कार्ड व त्यास जोडलेलें सिमकार्ड सहा महिने वापरावयास द्यावें, म्हणजे सारी उधारी माफ. एक पैसा द्यावयाचा नाहीं! माता म्हणाली, "बरें झालें, माणूस भला दिसतो." मुलासहि सुटल्यासारखें वाटलें.

वाचकहो, या एका ठिकाणीं मीं आवाज चढविला. किराणा दुकानाच्या व भलत्या इसमांच्या नांवांच्या ज्या नोंदी मीं वर सांगितल्या, तीं हीं अशींच भाड्यानें घेतलेलीं खातीं. दुसऱ्या कोणाच्या आजीचे पैसे या मुलाच्या नांवावर जमा होऊन पुढें जाणार. उद्यां कोठल्यातरी राज्यांतले पोलीस माग काढीत आले म्हणजे तो माग ओसरीवर बसून पाणी पिणाराच्या घरीं जात नाहीं, तो खातेदाराच्या घरीं येतो. खातें गोठतें, मुलावर गुन्हा येतो, आणि परीक्षा देऊन सरकारी नोकरी मिळविण्याचा विषय तेथेंच संपतो. १,४०,००० ची उधारी बुडवून हरलेला जुगारी पुन्हां माणसांत येऊं शकतो. खातें विकलेला जुगारी हा सभिकाचा नोकर झाला. युधिष्ठिराचा स्वतःस लावलेला पण तो हाच.

घरांत दोन दिवस बोलणीं झालीं. मधला प्रथमच बोलला, आणि मुलास म्हणाला, "तूं माझा आहेस, तुझी उधारी माझी नाहीं." ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांतील अक्षसूक्तांत जुगाऱ्याचे आईबाप व भाऊ म्हणतात कीं, आम्ही यास ओळखत नाहीं, बांधून घेऊन जा. तें सूक्त ज्या बेहड्याच्या फळांच्या फांशांविषयीं आहे, तीं झाडें आमच्या नवेगांवच्या रानांत ठायीं ठायीं आहेत. पण त्या बापाचें वाक्य मला सूक्तांतल्या बापापेक्षां अधिक बरें वाटलें. उधारी दिली नाहीं, खातेंहि दिलें नाहीं. आजीचे ८६,००० मात्र निराळे. तें ऋण सभिकाचें नव्हे, घरांतलें, आणि तें मुलानेंच फेडावयाचें ठरलें. तो आतां सकाळीं अर्जुनीस एका धान्याच्या दुकानीं हिशेब लिहितो व दर महिन्यास आजीच्या खात्यावर तीन हजार भरतो. हिशेब मांडला तर तें २९ महिन्यांचें काम आहे.

तक्रार करावी कीं न करावी यावर पुष्कळ घासाघीस झाली, कारण पोरगा स्वतःच खेळलेला. येथें वाचकांसाठीं कायद्याची स्थिति सांगून ठेवतों. संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें ऑनलाइन खेळांविषयीं नवा कायदा केला. २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. त्यांत पैसे लावून खेळावयाचे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत कीं नशिबाचे, निषिद्ध ठरविले आहेत. असा खेळ चालविणारास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणारास दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणारास त्या कायद्यानें शिक्षा सांगितलेली नाहीं. तेव्हां लाजेस्तव गप्प बसण्यांत कोणाचा फायदा होतो हें उघड आहे. पैसे गेल्याचें कळतांच १९३० या क्रमांकावर फोन करावा. तो सायबर फसवणुकीसाठींच आहे, आणि तेथें तास-दोन तासांचा उशीरहि महाग पडतो, कारण पैसा खात्यामागून खातें बदलीत पुढें जातो. आमच्या या घरानें फोन केला तो आठ महिन्यांनीं. गेलेलें कांहीं परत आलें नाहीं. तक्रार नोंदली गेली, आणि ओसरीवरचा पाहुणा यावयाचा थांबला, एवढेंच.

मुलाची झोप उडाली होती व तो जेवणावरून उठून जाई, म्हणून धाकट्या काकानें त्यास १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावून दिला. २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी मनःस्वास्थ्याची सोय आहे, व मराठींत बोलतां येतें. पहिल्या दिवशीं तो पांचच मिनिटें बोलला. पुढें आपण होऊन लावूं लागला. तें ॲप त्यानें आमच्यासमोर काढून टाकलें. परंतु खातें बंद करण्याची खिडकी शोधण्यांत माझा आणि त्याचा एक अख्खा तास गेला. अखेर मिळाली तेव्हां तिनें ओळखपत्रांच्या प्रती मागितल्या! त्या आम्हीं दिल्या नाहींत. क्रमांकच बदलला.

आजीच्या मोबाईलवरचे आंकडे आतां कोणासहि मोठ्यानें वाचून दाखविले जात नाहींत. आंकडा आला कीं ती आधीं विचारते, "हा कशाचा?" आणि उत्तर पटेपर्यंत मोबाईल पदराखालीं धरून बसते. परवां खरोखरच विजेच्या बिलाचा होता. तरी थोरल्यास बिल आणून दाखवावें लागलें.